“मले बलूनले दुर्बीण टांगायची हाये”

भाऊ, नमस्कार.

पत्र मिळालं. पांढरकवड्याकडे पाच एकर कोरडवाहू, पोरगी यवतमाळला ई अँड टीसीच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीत घरी आली की गावभरच्या मोटारींचे स्टार्टर उघडून बसते. आता तिने अंटार्क्टिकात बलूनला दुर्बीण टांगून सोडतानाचा व्हिडिओ पाहिला आणि “मले हेच करायचं हाये” म्हणून बसली. तिचे मामा म्हणतात, तलाठ्याचा फॉर्म भर. तुम्ही विचारता, असं काम खरंच असतं का, की पोरगी हवेत आहे?

काम असतं. फक्त व्हिडिओत शेवटची दोन मिनिटं दिसतात, आधीचे आठवडे दिसत नाहीत. ते तिला वाचून दाखवा.

अमेरिकेच्या मॅकमर्डो तळाजवळ, समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या सपाट थरावर नासाचा बलून तळ आहे. हेलियमचा बलून दुर्बिणीला ३५ ते ४० किलोमीटर वर नेतो. आकाशातून येणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या ‘फार-इन्फ्रारेड’ (अवरक्त) किरणांना खाली हवेतली वाफ गिळून टाकते, वर ती जवळजवळ नसते. डिसेंबर-जानेवारीत तिथे सूर्य मावळत नाही, त्यामुळे रात्रीच्या गारठ्याने बलून खाली बसत नाही, आणि वरचे वारे त्याला ध्रुवाभोवती फिरवत ठेवतात. ३१ डिसेंबर २०२३ ला सुटलेली ‘गस्टो’ दुर्बीण ५७ दिवस वर होती.

आता रोजचं काम. सकाळी मोठ्या चाकांच्या गाडीतून बर्फावरच्या शेडवर जायचं आणि दिवसभर बोल्ट आवळायचे, केबल तपासायच्या, सोल्डरिंग करायचं. हवा इतकी कोरडी की अंगावर साचलेल्या विजेने नुसता हात लागला तरी चिप जाते, म्हणून मनगटाला अर्थिंगची पट्टी. बाहेर चाचणी असली की हातमोज्यात स्क्रू धरता येत नाही आणि मोजा काढला तर बोटं बधिर. काही दुर्बिणींचे डिटेक्टर (किरण टिपणारे भाग) थंड ठेवायला द्रव हेलियम भरत राहावा लागतो, मग पाळी रात्रीचीही येते. (रात्र म्हणायची, उजेड तोच.) शेवटी सगळं यंत्र टांगून पाहतात: अँटेना बोलते का, सोलर पॅनल चालतात का, दुर्बीण वळते का.

एक गोष्ट तिला मुद्दाम सांगा, तिच्या कामाची आहे. कंट्रोल पॅनल तापलं तर आपण पंखा बसवतो. तिथे वर हवाच नावापुरती, पंखा ढकलणार काय? बाहेर कडाक्याची थंडी आणि पेटीतलं सर्किट मात्र तापून मरतं. उष्णता धातूच्या पट्टीतून बाहेर काढावी लागते. हे ऐकून तिने पुढचा प्रश्न विचारला, तर पोरगी हवेत नाही असं समजा.

आणि वाट पाहणं. सगळं तयार असतं, पण जमिनीवरचा वारा पडत नाही. छोटे फुगे सोडून वाऱ्याचा अंदाज घ्यायचा आणि आजचा बेत उद्यावर. धूळपेरणी फसली की काय होतं ते तुम्हाला मी काय सांगणार! तिथे तर दुबार पेरणीही नाही. बलूनचं प्लास्टिक साधारण २० मायक्रॉनचं, एकदा उलगडून हेलियम भरला की परत घडी घालता येत नाही. उतरल्यावरही सुटका नाही. डिसेंबर २००६ मध्ये सुटलेल्या ‘ब्लास्ट’ दुर्बिणीचं पॅराशूट उतरल्यावर सुटलंच नाही, वाऱ्याने यंत्र जवळपास २०० किलोमीटर फरपटत नेलं. नशिबाने माहितीची हार्ड डिस्क बर्फात सापडली.

आपल्याकडे हे काम कुठे? तुमच्या पांढरकवड्यावरून जाणारा हायवे जिथे जातो, तिथेच. टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) बलून केंद्र हैदराबादला आहे. तिथून १०० सेंटीमीटरची अवरक्त दुर्बीण बलूनला टांगून उडवली गेली आहे. अंटार्क्टिकातल्या आपल्या ‘मैत्री’ आणि ‘भारती’ तळांसाठी गोव्याचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र इलेक्ट्रिशियन, मेकॅनिक, वेल्डर अशी माणसं कराराने नेतं. तिथे दुर्बीण नाही, पण बर्फात यंत्र चालतं ठेवायचा अनुभव मिळतो. दोन्हीकडे जागा मोजक्या, हे लपवत नाही. म्हणून डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला प्रवेश घेऊ द्या. बलून नाही मिळाला तरी हात रिकामे राहणार नाहीत.

तोवर येत्या मे महिन्यात एक काम द्या. एखादं छोटं सर्किट बंद स्टीलच्या डब्यात घालून दिवसभर टिनावर ठेवायचं, दर तासाला आतलं तापमान वहीत लिहायचं, बंद पडलं तर का पडलं ते शोधायचं. आठ दिवस न कंटाळता केलं, तर ती वही मला पाठवा.

आणि मामांना सांगा, तलाठ्याच्या फॉर्मलाही पदवी लागते. नुसत्या डिप्लोमावर तो भरताच येत नाही.