अंडी घटली, मर नाही; तरी नमुने द्या

प्रश्न : डॉक्टर, हिप्परगा तलावाजवळ आमचं चारशे लेयर कोंबड्यांचं शेड आहे. पंधरा दिवसांपासून अंडी घटलीत, कोंबड्या घरघरतात, पण मेली एकही नाही. शेडमागं मोकाट डुकरं फिरतात. खाद्य-पाणी बघणाऱ्या थोरल्याला सर्दी-ताप आहे. बर्ड फ्लूचे विषाणू एकमेकांत मिसळतात म्हणे. आमच्याकडं तसं होईल का?
– एक वाचक, उत्तर सोलापूर

उत्तर : ताई, आधी थोरल्याला शेडपासून लांब ठेवा, मग पुढचं वाचा.

फ्लूच्या विषाणूचा जनुकसाठा आठ सुट्या तुकड्यांत असतो. दोन वेगळे विषाणू एकाच पेशीत शिरले, की तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. मूळ दोन धरून २५६ जुळण्या होतात. बहुतेक जुळण्या टिकत नाहीत, कारण तुकडे एकमेकांना मानवत नाहीत. पण माणसांतल्या १९५७ च्या फ्लू साथीच्या विषाणूत पक्ष्यांकडचे तीन तुकडे होते, १९६८ च्या विषाणूत दोन. डुकराच्या श्वसनमार्गात पक्ष्यांचा आणि माणसाचा, दोन्ही फ्लू रुजतात. म्हणून शेडमागं जाळी हवीच.

मला खरी धास्ती मर नसलेल्या आजाराची वाटते. मर लागली की सगळे धावतात. एच९एन२ हा बर्ड फ्लूचा सौम्य प्रकार मात्र अंडी घटवतो, घरघर लावतो आणि दुर्लक्षित राहतो. चीनमध्ये २०१३ साली माणसांत आलेल्या एच७एन९ या बर्ड फ्लूचे, बाहेरच्या आवरणाचे दोन सोडून, आतले सहाही तुकडे एच९एन२ कडूनच आले होते. तुमच्याकडं तेच आहे असं मी म्हणत नाही. ऊन, खाद्य, आयबी (कोंबड्यांचा श्वसनाचा आजार), मानमोडी (राणीखेत), कशानंही अंडी घटतात. तपासल्याशिवाय कळायचं नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, घशाचे आणि विष्ठेचे नमुने घ्यायला सांगा. अंड्यांची वही त्यांच्यापुढं ठेवा; घट कोणत्या तारखेपासून लागली ते त्यातच दिसतं.

२००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लूच्या साथीत माझी ड्युटी लागली होती. अंगात पीपीई, गॉगलच्या काचेवर वाफ. मी दोनदा शिंकलो, तर वरिष्ठांनी शेडच्या दारातूनच मागं फिरवलं. तेव्हा राग आला होता. माणसाचा फ्लू आणि कोंबडीचा फ्लू एकाच छातीत भेटू नयेत, एवढंच त्यांना बघायचं होतं.

म्हणून शेडात जाणाऱ्या प्रत्येकानं दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. ती बर्ड फ्लू अडवत नाही, पण ही भेट टाळायला मदत करते. थोरल्याला ताप उतरेपर्यंत घरीच राहू द्या, आणि तो कोंबड्यांत वावरत होता हे त्याच्या डॉक्टरांना आजच सांगा. खाद्य-पाणी तोवर तुम्ही बघा, तोंडाला मास्क लावून, शेडची चप्पल वेगळी ठेवून.