वाटणीचा दावा मध्यस्थीकडे गेला, आता?

प्रश्न : आमची रावेर तालुक्यात केळीची बागायत आहे. भावाशी वाटणीचा दावा चालू असताना कोर्टाने प्रकरण मध्यस्थीला पाठवले. तिथे बोललेले उद्या अंगाशी येईल का? – एक वाचक

उत्तर : नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खालची ही बोलणी गोपनीय असतात. मध्यस्थ निकाल देत नाही. जमले नाही तर दावा होता तिथून पुढे चालतो. तारखेला मात्र स्वतः जा, नुसता वकील पाठवून भागत नाही.

जमले तर घोळ होतो तो तडजोडीच्या मसुद्यात. ‘विहीर सामाईक’ एवढेच लिहिले की पहिल्याच उन्हाळ्यात भांडण! पाण्याची पाळी, मोटारीचे वीजबिल, पाइपलाइनची वाट, बांधावरचा रस्ता, सगळे लिहा. गट नंबर, हेक्टर-आर, चतुःसीमा सातबाऱ्याशी ताडून घ्या. बहिणींचा हिस्सा असेल तर त्यांच्याही सह्या हव्यात. त्यांना वगळून केलेली तडजोड हमखास अडकते. दाव्यात नसलेली जमीन तडजोडीत घेतली, तर हुकूमनाम्याची (कोर्टाच्या निकालाच्या आदेशाची) नोंदणी करावी लागू शकते.

कोर्टाने याच संहितेच्या आदेश २३ नियम ३ प्रमाणे तडजोड हुकूमनामा केला की प्रमाणित नकला काढून तलाठ्याकडे फेरफाराला (सातबाऱ्यावरची नोंद बदलायला) द्या. कोर्ट फी परतीचा अर्जही त्याच वेळी वकिलांकडून करून घ्या. लोक तो विसरतात.