घरात एवढंच सांगतात, ‘रामदासात गेले’

प्रश्न : माझ्या आजोबांचे थोरले भाऊ मुंबईला गिरणीत होते. आम्ही त्यांना बाबाआजोबा म्हणतो, पाहिलं मात्र कोणीच नाही. १९४७ साली रामदास बोट बुडाली, त्यात ते गेले. देह मिळाला नाही. घरात त्यांचा विषय निघाला की ‘रामदासात गेले’ या दोन शब्दांवर संपतो. यंदा घराची कौलं उतरवताना माळ्यावर एक पत्र्याची पेटी सापडली. ते गेल्यावर त्यांच्या मुंबईच्या सोबत्यांनी ती पाठवली होती म्हणे. पेटीत मनीऑर्डरीच्या सात पावत्या, एकच टाळ, आणि लाकडी मुठीची एक पातळ लोखंडी पट्टी आहे, टोकाला खाच असलेली. ही पट्टी कसली? एवढ्या पावसात ते बोटीने का निघाले असतील? आणि त्यांचं नाव कुठे शोधायचं?
(एक वाचक, अलिबाग तालुका)

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि आधी सोबत पाठवलेला त्या पट्टीचा फोटो मोठा करून पाहिला. माझे वडील लालबागला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात धागा ओढायचा असाच हूक असायचा. आईने कपडे धुवायला घेतले की आधी तो चाचपून बाजूला काढायचा, हा घरातला नियम होता. तेव्हा खात्रीने सांगतो, तुमचे बाबाआजोबा साचेखात्यात विणकर होते.

साच्यावर ताण्याचा उभा धागा तुटला की साचा थांबवायचा, तुटलेलं टोक शोधून त्याला गाठ मारायची, वईतून (उभे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीतून) ओवायचं आणि मग फणीच्या, म्हणजे धागे सारख्या अंतरावर ठेवणाऱ्या कंगव्याच्या, बारीक फटीतून हुकाच्या खाचेत अडकवून पुढे ओढायचं. दिवसभरात हे किती वेळा करावं लागे याची गणतीच नाही. दोन साचे एका माणसाकडे, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि धागा तुटू नये म्हणून खात्यात मुद्दाम राखलेली दमट हवा. धोट्यात, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी नळीत, सुताची नवी कांडी भरली की भोकातून बाण्याचं (आडवं) सूत तोंडाने ओढून घ्यायचं, त्याबरोबर तंतू घशात जायचे. विणकरांचा खोकला तिथूनही सुरू व्हायचा. फोटोत मुठीचा एक कोपरा गुळगुळीत झालेला दिसतो, तो त्यांच्या अंगठ्याने झिजला आहे. त्यांचा फोटो तुमच्याकडे नाही म्हणता; मला तर ही झीज फोटोहून जवळची वाटते.

पेटी कुठे असायची तेही सांगतो. गावाहून एकटे आलेले गिरणीकामगार गाळ्यात राहायचे. एका खोलीत वीस-तीस माणसं. दिवसपाळीवाले कामावर गेले की त्याच जागेवर रातपाळीवाल्यांच्या वळकट्या पसरायच्या. माणशी एक खुंटी आणि भिंतीकडेला एक पेटी, एवढीच काय ती मुंबईतली मालमत्ता. जेवण खानावळवाल्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर, आणि त्यावेळी धान्य रेशनवर. संध्याकाळी गाववाल्यांच्या मंडळाचं भजन असे. टाळ एकच उरला आहे, जोडीतला दुसरा कदाचित भजनातल्या सोबत्याने आठवण म्हणून ठेवून घेतला असेल. मला तसं वाटायला आवडेल.

सात पावत्यांपैकी सहा पंधरा रुपयांच्या आणि शेवटची, जून १९४७ ची, पंचवीसची, असं तुम्ही लिहिलंय. आपल्याकडे जूनमध्ये पेरा होतो आणि जुलैत लावणी. मजुरी आणि बैलांचे पैसे लागतात. त्यांनी ते आधीच पाठवून ठेवले होते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. बोट बुडाली तो दिवस १७ जुलै १९४७, गुरुवार. आषाढ अमावस्या, आपली गटारी, तोंडावर आलेली. रत्नागिरीकडच्या बोटी पावसाळ्यात बंद असत, पण मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या रेवसला जाणारी फेरी चालू होती. कुलाबा जिल्ह्यातल्या (आताच्या रायगडमधल्या) माणसाला घरी जायचा जवळचा रस्ता तोच. त्यातून गिरणीत खाडे मोजले जायचे. फार दिवस राहिलं तर साच्यावर बदलीवाला, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी घेतलेला कामगार, उभा. म्हणून मोजक्या दिवसांत लावणीला हात लावायचा, सण करायचा आणि परत यायचं, असा हिशोब असे. पाऊस पाहून बेत बदलायची चैन त्यांना परवडणारी नव्हती. त्यांनी वेडं धाडस केलं असं घरात कोणी म्हणत असेल तर कृपा करून त्यांना हे सांगा.

बोट नवखी नव्हती. १९३६ ची बांधणी, स्वदेशी कंपनीची, संताचं नाव लावलेली. सकाळी आठच्या सुमारास सातशेच्या आसपास माणसं घेऊन ती निघाली आणि समुद्रातल्या काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटेने कलंडली. लोक घाबरून एका बाजूला धावले तशी आणखी झुकली आणि बघता बघता गेली. सहाशेहून जास्त माणसं बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे इतक्या जवळ असूनही मुंबईला दुपार उलटेपर्यंत पत्ता नव्हता. रेवसकडून मासळी घेऊन येणाऱ्या कोळ्यांनी मासळी समुद्रात फेकली आणि होडीत माणसं घेतली. वाचले त्यांतले कितीतरी त्यांच्यामुळे. पुढे चार आठवड्यांनी देश स्वतंत्र झाला. ज्यांच्या घरची माणसं परतली नव्हती, त्या घरांचा तो पंधरा ऑगस्ट कसा गेला असेल, हे तुमच्या आत्यांना जरूर विचारा. नव्वदीच्या आहेत म्हणता, तर आजच विचारा.

नाव शोधायला तीन वाटा. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गावाचं जुनं कोतवाल बुक पाहा. जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात असतात. देह मिळाला नसल्याने मृत्यूची नोंद नसली तरी त्यांच्या जन्माच्या सुमाराची पानं उलटा. मोडी असेल तर फोटो काढून वाचणाऱ्याकडे न्या. दुसरी वाट, मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेख खातं आणि जुनी वर्तमानपत्रं जपणारी ग्रंथालयं. १८ जुलै १९४७ पासून पुढचे अंक मागा. तिसरी वाट मला सगळ्यांत आशेची वाटते : तुमच्या गावाचं मुंबईतलं मंडळ. जुन्या मंडळांकडे वर्गणीच्या वह्या असतात. भजनाला बसणारा माणूस वर्गणीच्या वहीत नक्की असणार. कुठल्या महिन्यापासून त्याच्या नावापुढे आकडा येणं थांबलं, तेही त्यात दिसेल.

हुकाला गंज धरला असेल तर सँडपेपर लावू नका, टोकाची खाच पातळ असते, निघून जाईल. मऊ फडक्याने खोबरेल तेलाचा हात फिरवा आणि कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा. मुठीला मात्र काहीच करू नका.