राहायला खोली दिली म्हणजे रात्रपण विकत घेतली का?

‘कामाचं बोलू’ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार. मी २५ वर्षांचा, मूळ चिपळूणचा. खारघरला एका स्टुडंट हॉस्टेलवाल्या कंपनीत कामाला आहे, म्हणजे बिल्डिंग भाड्याने घेऊन मुलांना रूम, जेवण, वायफाय, लाँड्री सगळं एकत्र देतात त्या टाइपची. पोस्ट रेसिडेंट मॅनेजर, प्रॉपर्टी ११० बेडची. पगार २२,००० ठरलाय, त्यातून पीएफ १,८००, पीटी (व्यवसाय कर) २०० आणि रूमचे ४,५०० जाऊन हातात १५,५०० येतात. रूम म्हणजे तळमजल्यावर अर्धी खोली, अर्ध्यात जास्तीच्या गाद्या रचलेल्या. या महिन्यात एका मुलाने गीझर जाळला, त्याचे २,२०० पण माझ्याच पगारातून गेले. सकाळी ७ला किचनवाले येतात तेव्हापासून रात्री ११च्या अटेंडन्सपर्यंत मी उभा, त्यानंतर कुणाची चावी आत राहते, कुणाला ताप येतो, कुणाची आई रात्री १२ला फोन करते की मुलगा फोन उचलत नाहीये जरा वर जाऊन बघा. जूनपासून ऍडमिशनचा सीझन म्हणून एकही सुट्टी नाही, बेड भरायचं टार्गेट वेगळंच. एरिया मॅनेजरला विचारलं तर म्हणाले मॅनेजरला ओव्हरटाइम नसतो आणि तू राहतोस पण इथेच, मग ड्युटी संपली काय नि नाही काय. माझी ओरिजिनल मार्कशीटपण त्यांच्याकडेच आहे. काय करू?
– एक वाचक, खारघर

उत्तर : तुला तू म्हणते, माझा धाकटा भाऊ तुझ्याच वयाचा आहे. माझे बाबा वाशीला एका वसतिगृहात कामाला होते आणि आम्ही तिथल्याच मागच्या खोलीत राहायचो, जेवताना बेल वाजली की ते ताटावरून उठायचे आणि आई ताट झाकून ठेवायची, हे मी शाळेत असल्यापासून पाहिलंय, त्यामुळे तुझ्या साहेबांचं ते ‘राहतोस पण इथेच’ वाक्य वाचून मला खरंच राग आला. मुक्काम वेगळा आणि ड्युटी वेगळी. खोली तुला कामाच्या सोयीसाठी दिलीय आणि तिचं भाडंपण तू भरतोयस, मग त्या खोलीत तू झोपतोस ते तास त्यांचे कसे काय झाले?

आता कायदा. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७चा आहे, त्यात दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा होती. सप्टेंबर २०२५मध्ये मंत्रिमंडळाने दिवसाचे ९चे १० करायला मंजुरी दिली, पण तुझ्या केसमध्ये ९ धर की १० धर, सकाळी ७ ते रात्री ११ म्हणजे १६ तास होतात, मधला आराम काढला तरी हिशोब कुठेच बसत नाही. जादा तासांना दुप्पट दर. २२,०००ला २६ दिवस आणि ८ तासांनी भागलंस तर तासाला साधारण १०६ रुपये येतात, म्हणजे ओव्हरटाइमचा तास २१२चा, आणि रोजचे नुसते ४ तास धरले तरी महिन्याला २२,०००च्या आसपास जातं, म्हणजे तू महिन्याला दुसरा एक पगार कंपनीला फुकट देतोयस. आठवड्याची सुट्टी सलग २४ तासांची असते, त्या दिवशी बोलावलं तर दुप्पट पगार आणि बदली सुट्टी दोन महिन्यांच्या आत. ऍडमिशनचा सीझन, कॅप राऊंड म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या, हे सगळं मान्य, पण सीझन दरवर्षी जूनलाच येतो, तो काही अचानक आलेला पूर नाही, त्यासाठी तीन महिने जास्तीचा माणूस ठेवता येतो.

कंपनी ‘मॅनेजर’ या शब्दावर अडून बसणार हे खरं, आणि इथे तुला खोटी आशा लावत नाही, कारण मॅनेजर आणि सुपरवायझर पोस्टच्या लोकांना या कायद्याच्या तासांमधून सूट आहे. पण कोर्टात हुद्दा बघत नाहीत, काम बघतात. तू कुणाला कामावर घेऊ शकतोस का? काढू शकतोस का? कुणाची रजा मंजूर करतोस का? की चाव्या देणं, गॅस सिलिंडर मोजणं, अटेंडन्स घेणं, प्लंबरला फोन करणं हेच करतोस? दुसरं असेल तर नुसत्या नावाने तू मॅनेजर होत नाहीस. शिवाय अशी सूट ज्यांना आहे त्यांची यादी कंपनीने वेबसाइटवर किंवा ऑफिसात लावायची असते, ती मागून बघ.

खोलीच्या भाड्याची कपात चालते, पण तू आधी मान्य केलेली असली पाहिजे आणि त्या सोयीच्या किमतीपेक्षा जास्त नको. अर्ध्या खोलीत कंपनीचा माल ठेवलाय त्याचे फोटो काढून ठेव. गीझरचं मात्र सरळ चुकीचं आहे. नुकसानीचे पैसे कापायला तुझा निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि कापायच्या आधी तुझं म्हणणं ऐकावं लागतं, दुसऱ्याने जाळलेला गीझर तुझ्या माथी मारता येत नाही. मुलांकडून डिपॉझिट घेतात ते मग कशासाठी?

आता कर काय ते सांगते. भांडायला जाऊ नकोस, आधी एक वही कर. रोज किती वाजता उठलास, किती वाजता आडवा झालास, रात्री कितीला कोण आलं नि कशासाठी, तारीख आणि वेळेसकट. ‘रात्री तू तर झोपलेलाच असतोस’ हे कंपनी म्हणणारच आणि तेव्हा हीच वही उपयोगी पडते. व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मेसेज, कॉल लॉग यांचे स्क्रीनशॉट स्वतःच्या मेलवर पाठव, कंपनीच्या मोबाइलवर ठेवू नकोस, तो एका मिनिटात काढून घेतात. महिनाभर लिहिलंस की बाकीच्या प्रॉपर्टीवरच्या मॅनेजरशी बोल, त्यांचं पण हेच चालू असणार, आणि तिघाचौघांनी मिळून एचआरला साधा मेल करा : इतके तास, इतक्या सुट्ट्या बुडाल्या, इतकी कपात, आणि मार्कशीट अमुक तारखेपर्यंत परत द्या. तोंडी बोललेलं कुणी धरत नाही रे. उत्तर नाही आलं तर कामगार खात्याकडे अर्ज, आणि इथे लोक हमखास चुकतात, खारघर पनवेल महापालिकेत आणि रायगड जिल्ह्यात येतं, त्यामुळे अर्ज रायगडच्या कामगार कार्यालयात, ठाण्याला नाही. नेरूळ-वाशीची प्रॉपर्टी असती तर ठाणे.

सोडायचीच झाली तर आधी मार्कशीट हातात घे, मग राजीनामा. नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या लेबर कोडमध्ये, म्हणजे केंद्राच्या नव्या कामगार कायद्यांत, सोडल्यावर राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत द्यायचा आहे, ‘फुल अँड फायनल ४५ दिवसांनी’ हे ऐकून गप्प बसू नकोस.

प्रश्न : ताई, आई घोडबंदर रोडला मुलींच्या हॉस्टेलमध्ये हाउसकीपिंगला आहे, पगार १४,०००. स्लिपवर पीएफ कापलेला दिसतो पण पासबुकमध्ये सात महिन्यांत एक रुपया नाही. हॉस्टेलवाले म्हणतात कॉन्ट्रॅक्टरला विचारा, कॉन्ट्रॅक्टर फोन घेत नाही.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आईच्या सगळ्या स्लिप आधी एका फाइलमध्ये लाव. १४,०००वर १२ टक्के म्हणजे १,६८० आईचे आणि तितकेच मालकाचे, आणि दोन्ही पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. स्लिपवर १,६८०च्या जागी ३,३६० कापलेले दिसले तर मालकाचा वाटापण आईच्याच पगारातून काढतायत, हा प्रकार मी खूप पाहिलाय. कॉन्ट्रॅक्टरचं नाव पुढे करून हॉस्टेल सुटत नाही, काम त्यांच्या जागेत त्यांच्यासाठी चालतं म्हणून ते मूळ मालक, कॉन्ट्रॅक्टरने पगार किंवा पीएफ बुडवला तर शेवटी त्यांच्यावरच येतं. पीएफच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर यूएएन, म्हणजे आईचा पीएफ नंबर, टाकून तक्रार कर, त्यात हॉस्टेल आणि कॉन्ट्रॅक्टर दोघांची नावं दे. आणि ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड मिळालंय का ते आजच विचार, २१,०००पर्यंतच्या पगाराला ते लागू असतं, आईच्या पगारातून फक्त १०५ रुपये जातात आणि घरच्यांचं पण औषधपाणी त्यात होतं. जिन्यावरून बादली घेऊन चढणाऱ्या बाईकडे ते कार्ड पाहिजेच.

प्रश्न : मी नेरूळला अशाच हॉस्टेलमध्ये राहतो. आमचे मॅनेजर दादा रात्री-बेरात्री उठून येतात, ऍपवर रेटिंग कमी आलं तर त्यांना बोलणी बसतात. आम्ही काय करू शकतो?
– एक विद्यार्थी

उत्तर : वायफाय गेलं, पाणी गार आलं, तर तक्रार ऍपवर कंपनीच्या नावाने लिही, दादाचं नाव नको, आणि लिही की रात्रीसाठी वेगळा माणूस ठेवा, कारण तू भरतोस त्या भाड्यात तो खर्च धरलेला असायला हवा. तुमच्यातल्या वीसजणांनी हेच लिहिलं तर एचआरच्या मेलपेक्षा लवकर हलतात. रात्री ११नंतर फोन फक्त आजारपण नाहीतर चावीसाठी, हे तुमच्या मजल्याच्या ग्रुपवर आज टाक. आणि दादांनी कधी तक्रार केलीच तर रात्री दोनला त्यांनी दार उघडलं होतं हे तारखेसकट लिहून सही करून द्या.