‘गूढ’, ‘अनाकलनीय’ की ‘न उलगडलेले’?

प्रश्न: ‘अनएक्सप्लेन्ड फिनॉमिना’साठी, म्हणजे ज्यांचे कारण अजून कळलेले नाही अशा घटनांसाठी, ‘गूढ घटना’, ‘अनाकलनीय घटना’ आणि ‘अस्पष्टीकृत घटना’ यांपैकी काय योग्य?

उत्तर: एकही नाही.

सगळी गोम ‘अनाकलनीय’मधल्या ‘-अनीय’ प्रत्ययात आहे. ‘वाचनीय’ म्हणजे वाचण्याजोगे, ‘आकलनीय’ म्हणजे समजण्याजोगे. त्याला नकार जोडला की कधीच न समजण्याजोगे. मुळात म्हणायचे असते ते एवढेच, की अजून समजलेले नाही. ‘अतर्क्य’चीही तीच गत.

कॅलिफोर्नियात डेथ व्हॅलीमधल्या रेसट्रॅक प्लाया या कोरड्या तळ्यात दगड आपोआप सरकतात, मागे लांब चरे उमटतात. हे वर्षानुवर्षे ‘अनाकलनीय’ मानले जाई. संशोधकांनी काही दगडांत जीपीएस बसवले, आणि डिसेंबर २०१३मध्ये ते सरकताना प्रत्यक्ष पाहायला मिळाले. तळ्यात साचलेल्या उथळ पाण्यावर रात्री ३ ते ६ मिलिमीटर जाडीचा बर्फ धरतो, उन्हात तो तडकतो आणि मंद वाऱ्याने वाहणारे त्याचे पापुद्रे दगडांना मिनिटाला २ ते ५ मीटर वेगाने ढकलतात. आता ‘अनाकलनीय’ हे विशेषण मागे घ्यावे लागते. ‘न उलगडलेले’ म्हटले असते, तर फक्त ‘न’ काढून भागले असते.

‘गूढ’ हे ‘गुह्’ म्हणजे लपवणे या धातूचे रूप, म्हणून त्यात लपलेल्याचा, लपवलेल्याचा वास येतो. कथेला तो चालतो, अहवालाला नाही. ‘अस्पष्टीकृत’ तर ‘अस्पष्ट केलेले’ असेही वाचले जाते. (उडत्या तबकड्यांच्या बहुतेक छायाचित्रांना मात्र तो शब्द चपखल बसेल!)

‘उडती तबकडी’ची गंमत वेगळीच. २४ जून १९४७ रोजी केनेथ अरनॉल्ड या वैमानिकाने दिसलेल्या वस्तूंची चाल, पाण्यावर फेकलेली बशी टप्पे घेत जावी तशी सांगितली होती. वर्तमानपत्रांनी बशी (इंग्रजीत ‘सॉसर’, मराठीत तबकडी) उचलली आणि ती आकाराचेच नाव होऊन बसली. नोंद करताना ‘ओळख न पटलेली वस्तू’ लिहावे. वस्तूच होती की नुसता उजेड याची खात्री नसेल, तर ‘ओळख न पटलेले दृश्य’. अशा वस्तूंच्या बातम्या तपासणाऱ्या, अमेरिकी हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’मधल्या १२,६१८ नोंदींपैकी ७०१ शेवटपर्यंत अशाच राहिल्या. त्यांना ‘परग्रहवासीयांची याने’ म्हणणे जितके चूक, तितकेच ‘अनाकलनीय’ म्हणणेही.

शीर्षकात सुटसुटीत शब्द हवा असेल, तर ‘उलगडा न झालेल्या घटना’ लिहा. ‘अनुत्तरित’ प्रश्नांपुरताच ठेवा. घटनेला उत्तर नसते, उलगडा असतो.