चलानाची फाइल उघडली, आता काय?

प्रश्न : वडिलांच्या व्हॉट्सॲपवर ‘तुमच्या गाडीवर चलान आहे’ असा मेसेज आला, तोही नात्यातल्या एकाच्या नंबरवरून. सोबतची फाइल त्यांनी उघडली. त्यात एक रुपया भरून चलान पाहा म्हणून कार्डाची माहिती मागितली, ती त्यांनी भरली. पुढे काहीच उघडलं नाही. दोन तासांत खात्यातून तीनदा पैसे गेले. ओटीपी त्यांनी कुणालाही सांगितलेला नाही. मग हे झालं कसं? (धनकवडी)

उत्तर : ओटीपी सांगायची गरजच पडली नाही, फोनच तो परस्पर पुढे पाठवत होता. ती फाइल म्हणजे चलानाचा कागद नव्हता, ते ॲप होतं. अशा फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ लिहिलेलं असतं. उघडताना फोन आधी ‘अनोळखी ठिकाणचं ॲप टाकू का’ असं विचारतो, मग ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. घाईत दोन्हीकडे ‘हो’ दाबलं जातं. कार्डाची माहिती त्या खोट्या पानावरून गेली, ओटीपी एसएमएसमधून गेला. नातेवाइकाचा नंबर दिसला, कारण बहुधा त्यांच्याही फोनमध्ये हेच ॲप बसलंय आणि तेच सगळ्यांना मेसेज पाठवतंय. त्यांना आजच फोन करून सांगा. वडिलांना मात्र बोल लावू नका. बोलणी खाण्याच्या भीतीनं माणसं गप्प बसतात आणि त्यातच वेळ जातो.

असं झाल्यावर क्रम महत्त्वाचा. आधी त्या फोनचं वायफाय आणि मोबाइल डेटा बंद करा, एअरप्लेन मोड लावला तर उत्तमच, म्हणजे एसएमएसही बाहेर जाणार नाहीत. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करायला लावा. लगेच १९३० लावा, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. पैसे चोराच्या एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात सरकत असतात. ते कुठल्या तरी खात्यात आहेत तोवरच गोठवता येतात, एटीएममधून निघाले की हाती काही लागत नाही. १९३० वर व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर किंवा संदर्भ क्रमांक, वेळ आणि रक्कम विचारतात. पासबुक किंवा स्टेटमेंट समोर घेऊनच बसा. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार त्याच दिवशी पूर्ण करा. बँकेलाही लेखी कळवून पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, तुम्ही बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील त्यांची जबाबदारी बँकेची, मग आधी चूक तुमची असली तरी. म्हणून कळवल्याची वेळ कागदावर असायला हवी.

आता फोन. ॲपचं चिन्ह बहुतेक वेळा लपवलेलं असतं, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन ॲप्सची पूर्ण यादी पाहा. ‘अनइन्स्टॉल’ दाबता येत नसेल, तर त्या ॲपनं ‘डिव्हाइस ॲडमिन’ किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी घेतलेली असते, ती आधी काढा. तरीही शंका उरतेच. फोटो आणि नंबर काढून घेऊन फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा केलेला बरा. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

खरं चलान पाहायचं तर महाट्रॅफिकच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे ४ आकडे टाका. पुण्यात एमएच १२ ची गाडी चालवणाऱ्या कुणालाही चलान आलं असेल असं सहज वाटतं, तोच धागा हे लोक पकडतात.

प्रश्न : कुरिअरवाल्यानं ‘पत्ता सापडत नाही’ म्हणत *२१* आणि पुढे एक नंबर डायल करायला सांगितलं. मी केलं. (कोथरूड)

उत्तर : त्यानं तुमचे कॉल त्या नंबरवर वळवले. बँकेचा आणि व्हॉट्सॲपचा ओटीपी फोन करूनही ऐकवला जातो, तो आता त्याला ऐकू येईल. *#२१# लावून तपासा, ##००२# लावून बंद करा. नाही झालं तर कॉल सेटिंगमधून काढा. व्हॉट्सॲपला ६ आकडी टू-स्टेप पिन लावा आणि ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी काही दिसलं तर लगेच लॉग-आउट करा.

प्रश्न : फ्लॅट भाड्यानं घेताना एजंटला आधारची झेरॉक्स दिली. धोका आहे का? (हिंजवडी)

उत्तर : आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढ्यावर ओटीपीशिवाय पैसे काढता येतात, गावोगावी बँक मित्राकडे, म्हणजे बँकेच्या प्रतिनिधीकडे, अशीच रक्कम मिळते. दस्तांवरच्या अंगठ्यांच्या नकला करून पैसे काढल्याचे गुन्हे देशात नोंदले गेले आहेत. म्हणून आधारच्या संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक करा. ऑनलाइन भाडेकराराला अंगठा द्यावा लागतो, त्या वेळी तेवढ्यापुरतं उघडा. पुढच्या वेळी ‘मास्क्ड’ आधार द्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. आणि झेरॉक्स द्यावीच लागली, तर ‘फक्त भाडेकरारासाठी’ आणि तारीख असं मजकुरावर आडवं लिहून द्या. कोऱ्या कडेला लिहिलेलं कापून टाकता येतं.