ताई, रात्री हा वास कशाचा येतो?

आश्विन लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर पालटतो. श्रावण-भाद्रपदात भिंतीची बुरशी, कुंडीत कुजलेली मुळं, न वाळणारे कपडे यांच्याबद्दलच विचारणा असते. आता फुलं, दूध, सीताफळं आणि किल्ले सुरू झाले आहेत. मी वाईला वाढले, पुण्यात आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझी उत्तरं पानाफुलांकडे जरा जास्त झुकतात. वाचकांना ते ठाऊक आहे आणि तरीही पत्रं येतात, याचा आनंद वाटतो.

प्रश्न : आपल्याकडे शरद ऋतू खरोखर असतो का? ऑक्टोबरमध्ये नुसत्या घामाच्या धारा. माझा भाऊ कॅनडात आहे, तो लाल-पिवळ्या झाडांचे फोटो पाठवतो तेव्हा हेवा वाटतो. (एक वाचक, ठाणे)

ती झाडं सुंदरच दिसतात. पण तो थंड मुलखातल्या झाडांचा बर्फ पडण्याआधीचा आवराआवरीचा काळ. आपली पानगळ शिशिरात, सावर आणि पळस उघडेबोडके होतात तेव्हा. आश्विनात आपलं झाड वर्षातलं सगळ्यात तृप्त असतं. मुळाशी ओल, पानं धुतलेली, डोक्यावर स्वच्छ ऊन.

घामाचं कारण सरळ आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात (मुंबईत साधारण ८ तारखेच्या सुमाराला) मोसमी पाऊस परत फिरतो. ढगांचं छप्पर जातं आणि ऊन थेट जमिनीवर येतं. जमीन मात्र अजून ओली, तिची वाफ हवेत भरलेली. अशा हवेत घाम वाळत नाही, म्हणून जीव नकोसा होतो.

तेव्हा दुपार सोडून द्या. आपला शरद पहाटेचा आणि रात्रीचा ऋतू आहे, आणि त्याच्या वेळेला आपण हजर राहायला हवं. सकाळी साडेपाचला खाली उतरा. तुमच्या सोसायटीत किंवा शेजारच्या देवळात पारिजातक असेलच. फुलं रात्री उमलतात आणि उजाडायच्या आत खाली येतात. वेचताना केशरी देठाला धरा, पाकळीला बोट दाबलं की तिथे लगेच डाग पडतो. जमिनीवर पडलेलं फूल पूजेला चालतं, असा मान बहुतेक याच फुलाला आहे. आठ वाजता गेलात तर झाडूवाल्याने सगळं एका ढिगात लोटलेलं असेल.

गावाकडे जाणं होणार असेल तर कोजागरीनंतर जा. तेव्हापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत विठ्ठलाच्या देवळांत काकडा चालतो. वाईला आम्ही लहानपणी शाल गुंडाळून आजीबरोबर जायचो. नदीवरून गारवा यायचा, टाळ सुरू असायचे, आणि शेवटी हातावर कोमट प्रसाद पडायचा. वाईकडे गेलात तर जाता-येता वाई-पाचगणी रस्त्यावरच्या पसरणी घाटात थांबा. सप्टेंबर-ऑक्टोबरात सगळ्या सह्याद्रीवर सोनकी फुलते, तशी तिथल्या कड्यांवरही ती पिवळीजर्द दिसेल. भावाला त्याचा फोटो पाठवा.

प्रश्न : ताई, दिवाळीच्या आधी रात्री रस्त्याने चालताना कसला तरी दाट वास येतो. मला आवडतो, यजमानांचं डोकं दुखतं. हे कुठलं झाड? (पुणे)

आणखी एका वाचकानेही हेच विचारलंय, फक्त त्यांचा वास ‘हलका, जुईसारखा’ आहे. ही दोन वेगळी झाडं आहेत आणि दोन्ही पुण्यात याच दिवसांत फुलतात.

दाट वास सातविणीचा, म्हणजे सप्तपर्णीचा. एका पेरावर गोल मांडलेली पानं मोजा, बहुधा सात भरतील, कधी पाच-सहाही. मध्ये हिरवट पांढऱ्या बारीक फुलांचे गुच्छ असतात. वास अंधार पडल्यावर चढतो. खिडकीशी झाड असेल तर काहींना खरंच त्रास होतो, तेव्हा यजमानांचं म्हणणं उडवून लावू नका, रात्री त्या बाजूची खिडकी बंद ठेवा. पूर्वी या झाडाच्या हलक्या लाकडाच्या शाळेच्या पाट्या होत. शास्त्रीय नावातला ‘स्कॉलरिस’ त्यातूनच आला. शांतिनिकेतनात विश्वभारतीच्या पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांना याच झाडाची पानं देण्याची प्रथा होती. मी शिकवत असताना दर वर्षी या दिवसांत वर्ग सातविणीखाली भरवायचे. तिथे कुणाला जांभई आलेली आठवत नाही.

हलका वास बुचाचा. उंच, सरळसोट झाड, आणि खाली पांढऱ्या फुलांचा सडा. फुलाला बोटभर लांब, बारीक नळी. तिच्यामुळेच याची वेणी दोरा-सुईशिवाय होते. तीन फुलांचे देठ एकत्र धरायचे, केसांची वेणी घालतो तसा एक पेड टाकायचा, मग बाजूने नवीन फूल आत घ्यायचं, पुन्हा पेड. देठ ताजा असेल तर वाकतो. दुपारपर्यंत तो मऊ पडतो आणि मग वेणी सुटते, म्हणून सकाळीच करा. माझ्या पिढीतल्या पुण्यातल्या मुलींना हे कुणी शिकवलं ते सांगता येणार नाही, पण सगळ्यांना येत होतं. एक काळजी मात्र घ्या. बुचाचं लाकूड ठिसूळ असतं, वादळी पावसात फांद्या मोडतात. परतीच्या पावसाचे ढग असतील तर त्याखाली गाडी लावू नका.

प्रश्न : आमच्या संकुलात भोंडला असतो. मंडप, स्पीकरवर गाणी, खिरापतीला केटररकडून तीनशे पाकिटं. मुली कंटाळून मोबाइल बघत बसतात. काय बदलावं? (पिंपरी-चिंचवड)

स्पीकर बंद करा. भोंडल्याचं गाणं फेर धरणाऱ्या बाईच्या तोंडून आलं तरच पायाला ठेका मिळतो. एका काकूंना चाल येत असेल आणि बाकीच्यांना नुसता शेवटचा शब्द धरता येत असेल, तरी पुरतं. मुलींना गाणी पाठ नसण्याचं दडपण घेऊ नका. त्या ओळी मुळात ऐकता ऐकताच पाठ व्हाव्यात अशा बांधलेल्या आहेत. सासर-माहेर, कारल्याचा वेल, रुसलेली सून, पुढे काय येणार ते तिसऱ्या फेऱ्यात कळतंच.

मधोमध पाटावर हत्ती काढा. साधारण २७ सप्टेंबरच्या सुमाराला सूर्याचं हस्त नक्षत्र लागतं, पावसाचा शेवटचा जोर त्यात येतो, त्याची आठवण म्हणून हत्ती. काही भागांत याला हादगा म्हणतात आणि तो सोळा दिवस चालतो. रांगोळीऐवजी धान्याने काढलात तर लहान मुलांना कामाला लावता येतं. तांदळाचं अंग, काळ्या उडदाचा डोळा, मसुराची झूल.

आणि तीनशे पाकिटांचा बेत रद्दच करा. सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या खाऊला खिरापत म्हणत नाहीत. रोज दोन-तीन घरांनी घरून झाकलेला डबा आणावा. फेर संपला की तो डबा हलवून दाखवायचा. खुळखुळला तर चिवडा, धप्प वाजला तर वाटली डाळ, आवाजच आला नाही तर शिरा. गोड का तिखट? हाताने खायची का चमच्याने? शेवटपर्यंत ओळखता न येणारी खिरापत आणणाऱ्या बाईचा त्या दिवशी मोठा मान असतो. मोबाइल आपोआप खाली राहतील.

अकोल्याहून एका ताईंनी भुलाबाईबद्दल कळवलंय. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत घरात मातीचे भुलोबा-भुलाबाई, ज्वारीच्या धांड्यांचा मखर आणि दारोदार फिरून म्हणायची गाणी. त्यांच्या सासूबाई आता शहाऐंशीच्या आहेत. ताई, त्यांच्या तोंडची गाणी या महिन्यातच लिहून घ्या, आणि चाल फोनवर रेकॉर्ड करा. हे पुढच्या वर्षावर टाकू नका.

प्रश्न : दसऱ्याला बाजारात पोत्यांनी पानं येतात. ती आपट्याचीच असतात का? घ्यावीत का? (नाशिक)

बरीचशी कांचनाची असतात. दोन्ही झाडं एकाच कुळातली, दोन्हींची पानं जोडपानासारखी. फरक हातात घेतल्यावर कळतो. आपट्याचं पान लहान, उंचीपेक्षा रुंदीला जास्त, जाडसर आणि चिवट. खालची बाजू राखट. कांचनाचं मोठं आणि पातळ. आपट्याची पानं काही ठिकाणी विड्या वळायला वापरतात, यावरून त्याचा चिवटपणा ध्यानात यावा.

घ्यावीत का? माझं मत स्पष्ट आहे, पोत्यातलं सोनं घेऊ नये. त्यासाठी फांद्याच्या फांद्या ओरबाडलेल्या असतात आणि दुसऱ्या दिवशी ती पानं कचऱ्याच्या गाडीत जातात. रघुराजाने कौत्साला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी मोहरा दिल्या, उरलेल्या त्याने आपट्याखाली लोकांसाठी ठेवल्या, अशी ती गोष्ट. गरजेपुरतंच घेणाऱ्या शिष्याच्या गोष्टीवर आपण झाडं ओरबाडणं बरं दिसत नाही. ओळखीच्या झाडाची मोजकी पानं घ्या. घरातल्या थोरांच्या हातावर एकेक पान ठेवा, वाकून नमस्कार करा, ‘सोनं घ्या, सोन्यासारखे राहा’ म्हणा. सोसायटीत जागा असेल तर आपट्याच्या वाळलेल्या शेंगांतल्या बिया रात्रभर भिजवून पिशवीत रुजवा आणि पुढच्या पावसाळ्यात रोप जमिनीत लावा. झाड काटक आहे, उन्हाळा सोसतं.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीला असतो. कोजागरीचं दूध इथे एकतर पाणचट होतं किंवा त्याची रबडी होते. शिवाय ऑक्टोबरमध्ये बाहेर थंडी. कसं करावं?

जाड बुडाच्या पसरट पातेल्यात दोन लिटर पूर्ण सायीचं दूध ठेवा. मध्यम आच, आणि जवळ बसायची तयारी. कडेला साय धरेल, ती उलथन्याने सोडवून पुन्हा दुधात लोटत राहा. दीड लिटरच्या आसपास आलं की थांबा, त्यापुढे आटवलंत की त्याची बासुंदी होते. कोजागरीचं दूध पेल्यातून पिता आलं पाहिजे. साखर शेवटी, कारण आधी घातली तर दूध तळाला लागायचा संभव वाढतो. बदाम-पिस्त्यांची भरड पूड, वेलदोडा, चिमूटभर जायफळ, कोमट दुधात भिजवलेलं केशर, वरून चारोळी. जायफळ हात राखून घाला, जास्त झालं तर कडवटपणा येतो.

थंडीची अडचण म्हणू नका. आम्ही इथे दूध गार करून पितो, तुम्ही वाफाळतं प्या. अंगणात किंवा बाल्कनीत दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून उभं राहायचं, पेल्यात चंद्र पडेल असा धरायचा आणि मग आत यायचं. मुलांना हे दहा मिनिटांचं बाहेर जाणंच लक्षात राहतं. थोरल्या मुलाला किंवा मुलीला त्या दिवशी ओवाळायची पद्धत आहे, तीही पाळा. आणि भारतातून पोहे येत असतील तर लाल गावठी पोहे मागवा. कोकणात ही नवान्न पौर्णिमा. शेतातलं हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात तोवर घरात आलेलं असतं, दाराला भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं, झेंडू आणि कुरडूची फुलं यांचं ‘नवं’ बांधतात. तुमच्याकडे लोंबी मिळणार नाही, पण नव्या पोह्यांत ओलं खोबरं आणि गूळ कालवून नैवेद्य दाखवता येईल.

प्रश्न : सीताफळाची बासुंदी दर वेळी कडू होते. फळं तर गोड असतात. (सोलापूर)

गर गॅसवर चढवताय. सीताफळाचा गर तापला की कडवट होतो. दूध आटवून पूर्ण गार करा आणि गर शेवटी घाला. फळ घेताना डोळे उघडलेलं, डोळ्यांमधल्या रेषा पांढरट-पिवळसर झालेलं बघा. कच्चं असेल तर तांदळाच्या डब्यात दोन दिवस ठेवा. न पिकलेलं फळ फ्रिजमध्ये गेलं तर काळं पडतं, पिकत नाही. बिया लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, त्यांची पूड डोळ्यांत गेली तर इजा होते.

प्रश्न : मी चौथीत आहे. आम्ही प्रतापगड करणार आहोत. मागच्या वर्षी मोहरी पेरली होती, ती सगळी खाली घरंगळली. हिरवळ कशी आणायची? (कोल्हापूर)

बाळा, तू फार महत्त्वाचं निरीक्षण केलं आहेस. मोहरी गोल आणि गुळगुळीत असते, उतारावर ती टिकत नाही. या वर्षी अहळीव घे, आजी लाडू करते ते. वाटीत थोडं पाणी घालून दहा मिनिटं ठेव. प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत चिकट आवरण तयार होईल. भिंगातून बघ, मजा वाटेल. तो चिकटपणा दाण्याला उतारावर धरून ठेवतो. ओल्या मातीवर बोटांनी थापत पसर, वर ओलं फडकं घाल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोड दिसतील, तेव्हा फडकं काढ. पाच-सहा दिवसांत हिरवं होईल. म्हणजे कोजागरीनंतर दगड-माती रचायला लागलास आणि वसुबारसेच्या आधी पाच दिवस पेरलंस, तर दिवाळीला गड हिरवागार दिसेल. पाणी तांब्याने ओतू नकोस, हाताने शिंपड. आणि बुरुजांवर काही पेरू नकोस, रोजच्या पाण्याने ते ढासळतात.